सोबतीला राहू दे

कोंढ्यात, भंडारा–पवनी रस्त्याच्या कडेला, एक टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, समोर पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडाली होती, पण ती पुन्हा रंगवायची गरज कधी पडली नव्हती. कोंढा-कोसऱ्यातच नाही, चौरासातल्या कितीतरी गावांत 'टायपिंगवाले काकाजी' एवढं म्हटलं की माणूस विचारत विचारत त्या बाकावर येऊन बसत असे.

काकाजींनी सुरुवात केली ती टाइपरायटरवर. 1988 च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा त्यांच्या मशीनच्या कळांवरची अक्षरं झिजू लागली होती. पुढं कितीतरी वर्षं वैनगंगेच्या काठची माणसं आपापले कागद घेऊन त्यांच्याकडं येत राहिली. कुणाचं शेत पाण्याखाली जाणार होतं, कुणाचं घर. काकाजी अर्ज टाइप करत, शेवटची ओळ झाली की कागद सर्रकन ओढून काढत आणि पैसे घेण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवत.

"बरोबर हाय ना जी?"

माणूस मान डोलावी. मगच काकाजी पैसे घेत.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. अर्जांसोबत लग्नाच्या पत्रिका आल्या, सात-बारा आला, धानाच्या विक्रीची ऑनलाइन नोंदणी आली. आणि दरवर्षी भादवा-अश्विनात नाटकांच्या संहिता येऊ लागल्या. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. त्याआधी कुणीतरी ती टाइप करून द्यावी लागतात. काकाजी ती मनापासून करत. संवाद टाइप करता करता त्यांचे ओठ हलत असत.

वय झालं तसं त्यांनी कोसऱ्याची एक मुलगी हाताखाली घेतली. बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, बोलायला कमी आणि हाताला जलद. चार वर्षांत ती सगळं शिकली. कोणत्या अर्जाला कोणता स्टॅम्प, कोणत्या पत्रिकेला कोणता गणपती, कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही, सगळं. काकाजी म्हणत, "आता दुकान हिचंच हाय. मी आपला बसतो."

ते खरोखरच बसत. सकाळी नऊला येत आणि दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर संध्याकाळपर्यंत बसून राहत. मुलगी टाइप करी, कागद काढी आणि काकाजींच्या हातात देई. काकाजी तो मोठ्यानं वाचत. गिऱ्हाईक मुलीला भाव विचारी, तेव्हा ती म्हणे, "काकाजीले विचारून सांगते." दिवसातून वीस वेळा ती हे वाक्य म्हणत असावी. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही.

कॉम्प्युटर मात्र थकला होता. सकाळी बटण दाबलं की गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होई, तरी पडद्यावर गोल फिरतच राही. भंडाऱ्याच्या दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि सांगितलं, "डिस्क जुनी झाली. यात तबकड्या असतात, त्या मिनिटाला 7200 वेळा फिरतात. इतकी वर्षं फिरल्यावर थकणारच. एसएसडी लावा. तिच्यात फिरणारं काहीच नाही."

काकाजींना काळजी वेगळी होती. "आन् यातलं सामान?"

"सामान जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेता येते. क्लोन म्हणतात त्याले."

दुरुस्तीवाले त्याला 'घोस्ट मारणं' असंही म्हणतात. न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकात घोस्ट नावाचा एक प्रोग्राम तयार झाला होता, त्याचं नाव आपल्याकडच्या दुकानांत क्रियापद होऊन राहिलं. विंडोज नव्यानं टाकायची नाही, प्रोग्राम पुन्हा बसवायचे नाहीत, फॉन्ट शोधायचे नाहीत. जुन्या डिस्कवरचं सगळं, अगदी पहिल्या घरापासून, उचलून नव्या डिस्कवर ठेवायचं.

मुलीनं नागपूरच्या सीताबर्डीवरून 240 जीबीची एसएसडी मागवली. तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. रस्त्यावरून लहान लहान पोरं लाकडी नंदी ओढत चालली होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. तिनं सीपीयूचा डबा उघडला, फुंकर मारून धूळ काढली, नवी डिस्क दुसऱ्या केबलला जोडली आणि क्लोन सुरू केला. पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती. काकाजी खुर्ची जवळ ओढून ती पट्टी पाहत बसले. दुपार कलली तेव्हा पट्टी शेवटाला पोचली.

मुलीनं हे करण्याआधी वाचून ठेवलं होतं. क्लोन झाला की मशीन बंद करायची, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि पहिल्यांदा नवीला एकटीनं चालू होऊ द्यायचं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

"काय करते?"

"जुनी काढते, काकाजी."

काकाजी डब्यात वाकून बघत होते. त्या डिस्कवर बारा वर्षांचं काम होतं. "काहून काढते? असू दे ना. राहू दे सोबतीला. तिच्या जिवावरच तं सगळं झालं."

मुलीनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तिनं बायोसमध्ये जाऊन नवी डिस्क पहिल्या नंबरवर लावली आणि बटण दाबलं. चहा अर्धा व्हायच्या आत पासवर्डची चौकट पडद्यावर आली. काकाजींनी टाळी वाजवली. शेजारच्या सायकलवाल्याला बोलावून दाखवलं.

एक गोष्ट मुलीला त्याच दिवशी खटकली होती. मशीन सुरू लवकर होत होती, पण त्यानंतर टायपिंगचा प्रोग्राम उघडायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. आणि डब्यातून जुन्या डिस्कची घरघर अजून ऐकू येत होती. तिनं ते मनात ठेवलं. काम चालत होतं. चालतंय त्याला कुणी हात लावत नाही.

भादवा गेला, नवरात्र गेलं. त्या वर्षी नाटकाचं काम जोरात होतं. शेजारच्या गावचे एक म्हातारे नाटककार रोज सकाळी सायकलनं येत. त्यांना लिहिण्यापेक्षा सांगणं सोपं जाई. ते बाकावर मांडी घालून बोलत, मुलगी टाइप करी, आणि तीन अंकी नाटक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण झालं. बांध्यांमधला हलका धान तेव्हा कापणीला आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यातून आवाज आला. टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक. पडदा गोठला.

मुलीनं कान लावला. आवाज जुन्या डिस्कचा होता. तिनं मशीन बंद केली आणि जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली. ती हाताला गरम लागत होती. काकाजी म्हणाले, "गेली बिचारी. बरं झालं आपण नवी लावून ठेवली." शेजारच्या सायकलवाल्याचा पोरगा टपूनच होता. अशा डिस्कमध्ये फार जोरकस चुंबक असतो हे त्याला ठाऊक होतं. "काकाजी, मले द्या ना." काकाजींनी डिस्क त्याच्या हातावर ठेवली.

मुलीनं मशीन सुरू केली. पासवर्डची चौकट लगेच आली. तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर लिहून आलं की डेस्कटॉप तयार होत आहे. मग काहीच झालं नाही. एकही चित्र नाही, एकही फाइल नाही, नुसता फिकट निळा पडदा. खालच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली की ही विंडोज अस्सल नाही.

तिनं बंद करून पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. बाकावर तीन माणसं बसली होती. एकजण म्हणाला, नवी वस्तू आजकाल अशीच निघते. दुसरा म्हणाला, जुन्याची सर कशाला येणार. भंडाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "डिस्क खराब लागली असन. नाही तं फॉर्मॅट मारून देतो, विंडोज नवीन टाकू."

"काकाजीले विचारून सांगते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आणि काकाजींकडे पाहिलं. काकाजी तिच्याकडेच पाहत होते. विचारणारी आणि सांगणारे, दोघंही रिकामी होती.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. मुलगी मात्र घरी गेली नाही. दुरुस्तीवाल्यानं मागं एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यावरून लिनक्स थेट सुरू होत असे, डब्यातल्या डिस्कला न जागवता. तिनं तो लावला आणि नवी डिस्क बाहेरून उघडून पाहिली. डिस्क खराब नव्हती. सगळे फोल्डर जागच्या जागी होते. पत्रिका होत्या, अर्ज होते, फॉन्ट होते. तिनं यंदाच्या नाटकांचा फोल्डर उघडला.

रिकामा होता.

ती बराच वेळ बसून राहिली. मग तिनं बाकीच्या फाइलींच्या तारखा पाहायला सुरुवात केली. एकेक फोल्डर उघडला. सगळ्यांत ताजी फाइल तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशीची होती. त्यानंतरची एकही नाही. दीड महिना ती रोज या मशीनवर टाइप करत होती आणि नव्या डिस्कवर त्यातलं एक अक्षर नव्हतं. नवी डिस्क पोळ्यापाशीच थांबली होती.

सकाळी तिनं काकाजींना ते दाखवलं. "काकाजी, काम सारं जुन्यावरच होत राहिलं. नवी फक्त दार उघडून देत होती. आत गेलं की घर जुनंच."

काकाजी विचारात पडले. मग म्हणाले, "धरणात गाव गेलं ना, तेव्हा माणसं नव्या वसाहतीत राहायले आली. घरं नवी, रस्ते नवे. पण राशन कार्डावर गाव जुनंच. मनीऑर्डर आली तं ते जुन्या गावाले जाये. मी किती अर्ज टाइप केले त्याचे, पत्ता बदलून द्या म्हणून." थोडं थांबून ते म्हणाले, "हिचाही पत्ता बदलला नसन, बेटा."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं वाचायला घेतलं, आणि दुपारपर्यंत तिला सापडलं. अगदी तेच होतं.

जुन्या पद्धतीनं मांडलेल्या प्रत्येक डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत चार बाइटांचा एक आकडा असतो, त्या डिस्कची ओळख म्हणून. विंडोज आपल्याजवळ एक यादी ठेवते, की अमुक आकड्याची डिस्क ती 'सी', अमुक आकड्याची ती 'डी'. क्लोन करताना सगळंच उतरतं, तो आकडाही. पण एका मशीनमध्ये एकाच ओळखीच्या दोन डिस्क नांदू शकत नाहीत, म्हणून नवीला वेगळा आकडा दिला जातो. यादीत मात्र 'सी'समोर जुनाच आकडा राहतो, कारण यादीही जुन्याचीच नक्कल असते. नवी डिस्क पहिल्यांदा जागी झाली, तिनं स्वतःजवळची यादी वाचली, आणि 'सी' कोण म्हणून पाहिलं. जुनी शेजारीच बसलेली होती. नवीनं 'सी' हे नाव तिला दिलं आणि आपल्यासाठी मागचं कुठलं तरी अक्षर घेतलं. प्रत्येक प्रोग्रामला सांगितलेलं असतं की तुझं सामान 'सी'वर आहे. तो बिचारा जुन्या डिस्कवर जात राहिला. म्हणून सुरुवात जलद आणि पुढचं सगळं मंद. जुनी काढून घेतल्यावर 'सी' नावाचं कुणी उरलंच नाही.

त्या दिवशी जुनी डिस्क काढली असती, तर नवीला 'सी' दुसरीकडे कुठं सापडलाच नसता. काही अडायचंच असतं तर तेव्हाच अडलं असतं, आणि तेव्हा हातात दीड महिन्याचं काम अडकलेलं नसतं.

"मले माहीत होतं, काकाजी," मुलगी म्हणाली. "वाचलं होतं मी. पण बोलली नाही."

"मीच राहू दे म्हटलं," काकाजी म्हणाले. मग एकदम उठले. "जुनी कुठं हाय?"

दोघंही सायकलच्या दुकानात गेले. पोरगा ओट्यावर बसून डिस्कशी झटत होता. त्यानं तीन पाने लावून पाहिले होते, पण डिस्कच्या झाकणाचे स्क्रू चांदणीच्या खाचेचे असतात. तसा पाना सायकलच्या दुकानात नव्हता. झाकणावर ओरखडे पडले होते, पण ते उघडलं नव्हतं. काकाजींनी त्याच्या हातातून डिस्क दोन्ही हातांनी उचलून घेतली, जसं एखादं झोपलेलं लेकरू उचलावं. पोराला त्यांनी दुसऱ्या दिवशी वीस रुपये दिले.

डिस्क टकटकायला लागली की तिला पुन्हा पुन्हा चालू करून पाहायचं नसतं. प्रत्येक वेळी ती थोडी आणखी जाते. मुलीनं ती घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवली, वीज तासभर जाणार नाही याची चौकशी केली आणि लिनक्सवरूनच तिला एकदा, एकदाच, सुरू केलं. विंडोजला मधे घेतलंच नाही. आधी नाटक, मग धानाच्या नोंदणीच्या याद्या, मग पत्रिका, असा क्रम तिनं कागदावर लिहून ठेवला होता. जे सहज वाचता येतं ते आधी काढून घ्यायचं आणि जिथं अडतं तिथं हट्ट करायचा नाही, ते मागं ठेवायचं. दीड महिन्याचं टायपिंग सगळं मिळून मोबाइलमधल्या एका फोटोएवढंसुद्धा भरलं नसतं. तरी त्याला पाऊण तास लागला. काकाजी त्या वेळात एक शब्द बोलले नाहीत.

पहिला अंक आला. दुसरा अंक आला. याद्या आल्या, पत्रिका आल्या. तिसऱ्या अंकाची फाइल अर्ध्यावर अडली. टक, टक. मग जुनी डिस्क शांत झाली आणि पुन्हा कधी बोलली नाही.

आता नवीचं पाहायचं होतं. मुलीनं विंडोजच्या दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केली. ती यादी ज्या फाइलमध्ये असते तिची एक प्रत आधी काढून ठेवली. मग यादी उघडली. माउंटेड डिव्हायसेस असं तिचं नाव. आत ओळींमागून ओळी होत्या, आजवर त्या मशीनला लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हची, प्रत्येक कार्डाची आठवण. 'सी'समोर जुन्या डिस्कचा आकडा तसाच होता. तिनं त्या सगळ्या ओळी पुसल्या. यादी पुसली तर विंडोज ती पुढच्या वेळी नव्यानं लिहिते, समोर जे असेल ते पाहून.

आणि समोर आता एकच डिस्क होती.

बटण दाबलं. पासवर्डची चौकट आली. पडदा क्षणभर काळा झाला, मग डेस्कटॉप उमटला. मागं चित्र म्हणून काकाजींनी लावलेला पवनीच्या घाटाचा फोटोही आला. डब्यातून घरघर येत नव्हती. टायपिंगचा प्रोग्राम पहिल्यांदाच लगेच उघडला, पण म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही, परवान्याचा क्रमांक द्या. तो मशीनला डिस्कवरून ओळखायचा. काकाजी उठले, भिंतीवरून चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या पाठीमागं पेनानं लिहून ठेवलेला क्रमांक वाचून दाखवला. मुलीला ते कॅलेंडर अजून का ठेवलंय हे कधी कळलं नव्हतं. तिनं तो क्रमांक त्याच दिवशी तीन ठिकाणी लिहून ठेवला.

नाटककार आले तेव्हा तिनं मान खाली घालून तिसऱ्या अंकाचं सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय, पुन्हा सांगतो." आणि बाकावर मांडी घातली. दोन सकाळी लागल्या. संपल्यावर मुलगी म्हणाली, "मागच्या वेळी बाप शेवटी रडला होता, बाबा." नाटककार डोळे मिटून बसले होते. "आता नाही रडला तो," ते म्हणाले. "राहू दे तसाच."

त्या रात्री काकाजींना झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, ते दुकानात आले नाहीत. मुलीनं फोन केला.

"बरं नाही का जी?"

"बरा हाय. आज मी येत नाही."

"काहून?"

"आजच्या दिवस पाहू दे. तुझ्या यादीत 'सी'समोर कोणाचं नाव हाय ते."

ते एसटीनं पवनीला गेले, वैनगंगेच्या काठी दिवसभर बसले आणि संध्याकाळी परत आले. दुकानात शिरले, पण खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच विचारलं, "काय काय अडलं?"

मुलीनं कागदावर लिहून ठेवलं होतं. वारसाच्या अर्जाला कोणते कागद लागतात ते तिला येत होतं, पण कोणत्या क्रमानं लावायचे ते काकाजींच्या हातालाच माहीत होतं. एका गिऱ्हाइकाचा जुना हिशेब कुठल्या वहीत आहे ते सापडलं नव्हतं. एका पत्रिकेचा भाव तिनं कमी सांगितला होता. आणि एक कागद तिनं मोठ्यानं वाचून न दाखवता दिला, त्यात वडिलांचं नाव चुकलेलं निघालं.

"बस, चारच?" काकाजी म्हणाले. मग खाली बसून त्यांनी चारही गोष्टी समजावून सांगितल्या. वही काढून दिली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले नाहीत. त्या संध्याकाळी कागदावर दोन गोष्टी होत्या. चौथ्या दिवशी एक होती. एका संध्याकाळी मुलगी रडलीही, कारण दोन गिऱ्हाइकं 'काकाजी नाहीत तं उद्या येतो' म्हणून निघून गेली होती. काकाजींनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही आले नाहीत.

इथं गोष्ट जरा थांबवून एक सांगावंसं वाटतं. आपण शिकतो, शिकवतो, घरं आणि दुकानं एका हातातून दुसऱ्या हातात देतो, आणि सगळं उतरलं म्हणजे काम झालं असं धरून चालतो. पण जुनं शेजारी बसलेलं असेपर्यंत नव्यात खरं किती उतरलं ते नव्यालाही कळत नाही. जुनं गेल्यावर कळतं, तेव्हा विचारायला कुणी राहिलेलं नसतं. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस असतात. जुनं शाबूत आहे पण बाजूला आहे, चुकलं तर संध्याकाळी जाऊन विचारता येतं, असे दिवस. आपल्याकडं कितीतरी घरांतून ते दिवस नुसत्या मायेपोटी हातचे जातात. धान पेरणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पऱ्हे उपटून बांधीत रोवले की आठ-दहा दिवस पिवळे पडतात. शेतकरी ते पाहतो, बांधावर पाणी सांभाळत उभा राहतो, पण पिवळे पडले म्हणून उचलून परत पऱ्ह्याच्या वाफ्यात नेऊन लावत नाही.

दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली. भारी धानाची कापणी होऊन मळणीही आटपली. डिसेंबरातल्या एका सकाळी दुकानात गर्दी होती, धानाच्या पैशांच्या कागदांची. प्लॅस्टिकची खुर्ची आता बाकाच्या शेवटी गेली होती आणि तिच्यावर कुणी अनोळखी म्हातारी बसली होती. काकाजी आले. त्यांच्या हातात त्यांच्याच शेताचा सात-बारा होता, नाव दुरुस्त करायचं होतं. त्यांनी आत पाहिलं आणि बाकावर जागा करून बसले.

मुलीनं एका माणसाचा अर्ज छापून काढला, मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "बरोबर हाय ना जी?" माणसानं मान डोलावली. मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं.

"या ना काकाजी, आत या."

"माझ्या आधी दोघं हायेत," काकाजी म्हणाले. "त्यांचं होऊ दे."